सेकंदाचा पंधरावा भाग

या स्मरणिकेसाठी आपल्या वर्गाचा सत्तरच्या दशकातला ग्रुप फोटो शोधून काढला. मागच्या रांगेत उजव्या टोकाचा मुलगा अगदी पुसट आला आहे. "तेवढी कड कापून छापू," असे समितीत कुणीतरी सुचवले. म्हणून हे चार शब्द.

फोटोग्राफर वणीहून आले होते. त्यांचा कॅमेरा यशिका-डी, दोन भिंगांचा जपानी. बॅटरी नाही, सारा कारभार स्प्रिंगा आणि दातेरी चाकांचा. भिंगांशेजारची चकती फिरवून शटरचा वेग ठरवायचा: १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००. १५ म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. पुढच्या प्रत्येक आकड्याला शटर साधारण निम्मा वेळ उघडे राहते. मग खटका ओढून शटर ताणायचे आणि बटण दाबायचे. ५०० हवे असेल तर चकती खटका ओढण्याआधीच फिरवायची. हे सारे मला पुढे हौसेने तसाच जुना कॅमेरा घेतल्यावर कळले.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळी भिंगावरचे झाकण काढून सेकंद मोजत. फोटो काढताना हलायचे नाही, हा दंडक तेव्हाचा.

मी हिशेब करून पाहिला. १०० ए.एस.ए.ची फिल्म भर उन्हात एफ-१६ आणि १२५ वर चालते. आपल्याला मात्र कडुनिंबाच्या सावलीत उभे केले होते. तिथे उजेड साधारण सोळावा हिस्सा. तिन्ही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून एफ-११ ठेवले, तर शटर १५ वर आणावेच लागते.

आपला तो मित्र राजूरच्या चुनाभट्टीवरचे काम आटोपून धावत आला. टोकाला उभा राहतो न राहतो तोच बटण दाबले गेले. त्याच वर्षी त्याची शाळा सुटली. शाळेतला त्याचा हा एकुलता एक फोटो. आता तो नाही. परवा त्याच्या मुलीने विचारले, "काका, यात बाबा कुठे आहेत?" मी त्या पुसट आकृतीवर बोट ठेवले. ती बराच वेळ बघत राहिली.

समितीला विनंती, कड कापू नका. आपण स्थिर उभे होतो म्हणून स्पष्ट आलो. त्याला थांबायला सवडच मिळाली नाही. खाली त्याचे नाव मात्र सर्वांच्या बरोबरीने छापा.