मधुमेहाचा उपशम : आहारचिकित्सेचा इतिहास आणि एका संज्ञेचा प्रश्न

आहाराने मधुमेह बरा होतो काय, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा असला तरी त्याचे उत्तर ‘बरा होणे’ या शब्दाच्या अर्थावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे. आहारचिकित्सेच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

ब्रिटिश तोफखान्याचा शल्यवैद्य जॉन रोलो याने इ. स. १७९७ मध्ये दोन मधुमेही रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वनस्पतिजन्य अन्नापासून जठरात साखर बनते, अशी त्याची धारणा होती. म्हणून मेरेडिथ नामक कॅप्टनास त्याने मुख्यतः दूध, रक्त व चरबी यांचे पदार्थ आणि जुने मांस यांवर ठेवले. रुग्णाच्या मूत्रातील साखर नाहीशी झाली. परंतु मेरेडिथ मूळचा स्थूल होता, आणि असे किळसवाणे अन्न पोटभर जाणेही कठीण. तेव्हा गुण अन्नाच्या प्रकाराने आला की प्रमाणाने, हा प्रश्न तेव्हापासूनच अनिर्णित राहिला.

इ. स. १८७०-७१ मधील पॅरिसच्या वेढ्यात त्याचे एक उत्तर अकल्पितपणे पुढे आले. अन्नटंचाईमुळे मधुमेह्यांच्या मूत्रातील साखर घटल्याचे आपोलिनेर बूशार्दा याच्या ध्यानी आले आणि त्याने मिताहाराचा पुरस्कार केला. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन याने हाच विचार उपवासचिकित्सेच्या टोकास नेला. तिने काहींचे आयुष्य वाढले. परंतु ज्यांच्या शरीरात इन्सुलिनच उरले नव्हते, अशी मुले अस्थिपंजर होत गेली. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले, आणि अशा रुग्णांना आहार हा इन्सुलिनचा पर्याय नव्हे, हे कायमचे ठरले.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयी मात्र जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. इ. स. २०१७ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत रोगनिदानास सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या स्थूल रुग्णांना काही महिने दररोज सुमारे ८५० कॅलरींचे अन्न देण्यात आले. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिले. लक्षणीय गोष्ट ही की, त्या अन्नातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कर्बोदकांचीच होती. फलाचा संबंध मुख्यतः घटलेल्या वजनाशी होता.

अल्प-कर्बोदक आहारावरील २३ चाचण्यांचा आढावा इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू असले तरी चालेल, अशी व्याख्या घेतल्यास सहा महिन्यांनी ५७ टक्के रुग्णांना उपशम लाभला. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. औषधे सुटलेली असावीत, ही अट घालताच हा फरक लहान व अनिश्चित झाला. व्याख्या बदलताच निष्कर्ष बदलला.

त्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ‘रोगमुक्ती’ हा शब्द टाळून ‘उपशम’ या अर्थाची संज्ञा निश्चित केली : औषधे थांबवल्यावर किमान तीन महिने ग्लायकोहिमोग्लोबिन ६.५ टक्क्यांहून कमी असणे. तपासणी मात्र पुढेही चालूच ठेवावयाची.

चरकसंहितेत प्रमेहांचे साध्य, याप्य व असाध्य असे भेद केलेले आहेत. याप्य म्हणजे समूळ न जाणारा, परंतु पथ्याने आवरून धरता येणारा. चरकाने मधुमेहास असाध्यांत घातले होते. आजच्या ज्ञानानुसार त्याच्या दुसऱ्या प्रकारास, काही रुग्णांपुरते तरी, ‘याप्य’ हे विशेषण अधिक शोभते. रुग्णाला ‘बरा झालास’ असे सांगितल्यास तो पथ्य सोडतो, आणि ‘असाध्य’ म्हटल्यास ते धरीतच नाही. म्हणूनच योग्य संज्ञेची निवड हा येथे केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही.