दुकानांतलें गणित आणि पुस्तकांतलें गणित

जरीपटका म्हणतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें मराठी राज्याचें तें जरीचें निशाण उभें राहतें. नागपूरकरांस मात्र त्या नांवानें शहराच्या उत्तर भागांतील एक गजबजलेली पेठ आठवते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनीं येथें बिऱ्हाडें थाटलीं आणि दुकानेंही मांडलीं. अशाच एका कापडाच्या दुकानांत मध्यंतरीं आम्ही गेलों असतां गल्ल्यावर बसलेल्या मुलानें पावणेआठ मीटरांची किंमत व तीवरील सूट कागदास हात न लावतां सांगितली. शेजारीं व्यापारी गणिताचें पुस्तक उघडें होतें. "सर, बी. कॉम.ला आहे, पण हा एक विषय कांहीं जमत नाहीं," असें तो म्हणाला.

आम्हांस नवल वाटलें. आम्हीं विचारिलें, दरमहा शेकडा एक रुपया व्याजानें मुद्दल दुप्पट कधीं होईल? "शंभर महिन्यांनीं." आणि चक्रवाढीनें? "कमी लागतील, पण किती, तें पुस्तकांतलं गणित झालं!"

गणिताचे हे दोन भाग पूर्वीपासून असे विभक्त होते काय? १४९४ सालीं व्हेनिस येथें लुका पाचोली या गणितशिक्षकाचा जो मोठा ग्रंथ छापला गेला, त्यांत अंकगणित व बीजगणित यांच्याच जोडीला दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाचें प्रकरण आहे. आमच्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतींत (११५०) त्रैराशिकाबरोबर मुद्दल-व्याजाचींही उदाहरणें येतात. पंतोजींच्या शाळेंत तर पावकी, निमकी, सवायकी, औटकी यांची घोकंपट्टी म्हणजे बाजाराचीच पूर्वतयारी होती; कारण रुपयाचे आणे सोळा आणि पावली चार आण्यांची. सिंध प्रांतही १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच होता, तेव्हां रुपये-आणे-पै हीच तेथीलही व्यापाऱ्याची भाषा.

पुढें मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें. वर्ध्यास १९४० मध्यें आणि नागपुरास १९४५ मध्यें गोविंदराम सेकसरिया यांच्या नांवाचीं वाणिज्य महाविद्यालयें सुरू झालीं. दुकानदाराच्या मुलास पदवीची वाट मोकळी झाली, हा लाभ लहान नव्हे. परंतु जमाखर्च एका वर्गांत गेला आणि गणित दुसऱ्या. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, तेव्हां औटकीचें प्रयोजनही संपलें. ती पुन्हां घोकवावी असें म्हणणारे वडीलधारे आम्हांस भेटतात. त्यांच्या स्मरणशक्तीविषयीं आम्हांस आदर आहे, सल्ल्याविषयीं तितका नाहीं.

खरी अडचण क्रमाची आहे, असें आम्हांस वाटतें. मुद्दल दुप्पट होण्याचा काळ काढावयाचा तर ७२ या अंकास व्याजाच्या दरानें भागावें, हा नियम पाचोलीच्या त्याच ग्रंथांत आहे. त्याची उपपत्ति तेथें नाहीं, आणि तेव्हां देतांही आली नसती. कारण ज्यांच्या साहाय्यानें ती उलगडते तीं नेपियरचीं लॉगरिथमें १६१४ सालीं, म्हणजे १२० वर्षांनीं, प्रसिद्ध झालीं. व्यापाऱ्याच्या हातीं नियम आधीं आला, कारण मागाहून. वर्गांत मात्र बहुधा लॉगरिथम प्रथम येतें, तें कशासाठीं हें शेवटच्या उदाहरणांत कळतें, आणि तोंवर दुकानांत वाढलेला मुलगा आपणांस गणित येत नाहीं अशी स्वतःची समजूत करून घेतो. त्याच्या तोंडच्या शंभर महिन्यांपासून आरंभ केला तर हें टळण्याजोगें आहे.

आम्हीं त्या मुलास ७२ चा नियम सांगितला. "म्हणजे एक टक्क्याला बहात्तर महिने, दोन टक्क्यांना छत्तीस!" तो लगेच म्हणाला. मग त्यानें पुस्तकांतील रीतीनें मोबाइलवर आंकडे मांडून पाहिले. ६९ व्या महिन्यास शंभराचे दोनशें भरत नव्हते, ७० व्यास किंचित् वर जात होते. तो थोडा रागावल्यासारखा झाला. "मग सत्तरच कां नाहीं सांगितलं त्यांनीं?" आम्हीं म्हटलें, ७२ ला कोणकोणत्या अंकांनीं भाग जातो तें पाहा. दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा असें तो मोजूं लागला, इतक्यांत गिऱ्हाईक आलें.