बाळंतिणीचा पक्षाघात

बाळंतिणीच्या खोलीतले बरेचसे शहाणपण आपल्या आजीबाईंनी अनुभवाने मिळविलेले आहे. पण एका दुखण्याचा उलगडा त्यांनाही झाला नव्हता. प्रसूती सुखरूप पार पडावी, बारसे तोंडावर यावे, आणि अकस्मात बाळंतिणीचे डोके असह्य दुखू लागावे, तिला झटके यावेत, एका बाजूचे हातपाय लुळे पडावेत! घरची माणसे म्हणत, बाहेरची बाधा झाली.

पाश्चात्त्य वैद्यकात या दुखण्याची नोंद जॉन अ‍ॅबरक्राँबी या स्कॉटिश वैद्याने १८२८ सालीच केलेली आढळते. नेहमीच्या पक्षाघातात मेंदूला रक्त पुरविणारी धमनी बंद पडते. येथे तुंबते ती मेंदूतून रक्त माघारी आणणारी शीर. वाफ्यात पाणी येत राहावे आणि निचऱ्याची वाट मात्र बुजावी, तशी ही अवस्था. मेंदू सुजतो, दाब वाढतो आणि पुष्कळदा बारीक वाहिन्या फुटून आत रक्त सांडते.

याचे मूळ निसर्गाच्याच एका सोयीत आहे. प्रसूतीच्या रक्तस्रावातून स्त्री वाचावी म्हणून गर्भारपणात रक्त गोठविणारी द्रव्ये वाढतात, आणि तो प्रभाव पुढेही काही आठवडे रेंगाळतो. त्यात बाळंतिणीचे पाणी तोडण्याची आपल्याकडील चाल! अंगातले पाणी आटले की रक्त अधिकच दाटते. आजीबाईंच्या शहाणपणातला एवढा भाग मला कधीच पटलेला नाही. डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गर्भारपणात व बाळंतपणात मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गाठ झालेल्या १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून दक्षिणेत या रोगाचा वावर किती होता हे ध्यानात येते.

रक्त गोठू न देणारे हेपॅरिन १९१६ पासून ठाऊक होते. पण ज्या मेंदूत रक्त सांडण्याची धास्ती, तेथे रक्त पातळ करणारे औषध द्यावयाचे कसे? हात आखडणाऱ्या वैद्यांना भित्रे म्हणता येणार नाही. या औषधाला लगाम हवा होता, आणि तो एका साध्या परीक्षेने पुरविला. सायट्रेट घातलेल्या नळीत रक्त घ्यावयाचे, पेशी खाली बसल्या की वरचा पिवळसर द्रव काढावयाचा, त्यात एक स्निग्ध द्रव्य आणि केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, मिसळावयाची. मग शरीराइतक्या उबेच्या पाण्यात नळी धरून कॅल्शियमचा क्षार घालावयाचा आणि घड्याळाकडे पाहावयाचे. निरोगी रक्तात अर्ध्या मिनिटाच्या आगेमागे गुठळी धरते. ही परीक्षा १९५३ साली अमेरिकेत निघाली; केओलिनची जोड तिला १९६१ साली मिळाली.

बंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था, जिला सारे 'निम्हान्स' म्हणतात, १९७४ साली जुने मनोरुग्णालय आणि १९५४ सालची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. तेथील डॉ. डी. नागराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ बाळंतिणींवर केलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना हेपॅरिन, काहींना नाही, आणि कोणाला काय मिळावे हे चिठ्ठीसारख्या दैवयोगाने ठरलेले. दर सहा तासांनी ५,००० एकक हेपॅरिन त्वचेखाली टोचावयाचे आणि गोठण्याचा काळ मूळच्या दीडपट राहील अशा बेताने मात्रा कमीजास्त करावयाची. प्रसूतीनंतर निदान तीस दिवस हा क्रम. हेपॅरिन न मिळालेल्यांपैकी तिघी दगावल्या किंवा त्यांचे अंग दुबळे राहिले. ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात असे एकीचेही झाले नाही.

संख्या लहान होती, हे मान्य केले पाहिजे. औषध कोणाला दिले हे निकाल पाहणारांना ठाऊक होते, आणि सी. टी. चित्रात रक्तस्राव दिसलेल्या स्त्रिया मुळातच वगळल्या होत्या. म्हणजे सर्वांत अवघड प्रश्न बाजूलाच राहिला. त्यावर जर्मनीतील आइनहॉयप्ल यांनी १९९१ साली प्रकाश टाकला होता. मेंदूत रक्त सांडलेल्या त्यांच्या जुन्या रुग्णांत हेपॅरिन मिळालेल्या २७ जणांपैकी चौघे दगावले. न मिळालेल्या १३ पैकी नऊ.

धमनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातात मात्र हेपॅरिनने निराशा केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १९,००० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात त्याचा एकंदर लाभ दिसला नाही. शिरेच्या रोगात त्याचे स्थान टिकले, आणि आज मेंदूत थोडे रक्त सांडलेले दिसले तरी ते देण्यास कचरत नाहीत. बहुधा आता हलक्या रेणूंचे हेपॅरिन वापरतात; त्याची मात्रा वजनावरून ठरते, त्यामुळे नळी हाती धरून सेकंद मोजण्याचे काम पुष्कळ कमी झाले आहे.