भिवंडीच्या तीन जागांची कुळकथा

विधानसभेच्या मतदारसंघांत 134, 136 आणि 137 हे क्रमांक भिवंडीचे: ग्रामीण, पश्चिम आणि पूर्व. 2009च्या निवडणुकीआधी भिवंडीच्या नावाने एकच जागा होती. एकाच्या तीन कशा झाल्या, हे पाहायचे तर आधी सभागृहाच्या आकड्याकडे जावे लागते.

1937 साली मुंबई प्रांताची विधानसभा बसली तेव्हा सदस्य 175 होते आणि मताचा हक्क मालमत्ता किंवा शिक्षण असणाऱ्यांपुरता होता. 1952पासून प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. महाराष्ट्र झाला तेव्हा सभागृह 264 जणांचे होते, 1967ला 270 आणि 1978ला 288. तिथे आकडा गोठला. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून 1976च्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या 1971च्या जनगणनेशी बांधली.

1971ला भिवंडी शहर लाखाच्या आत होते. मग यंत्रमाग वाढले, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे आली आणि 2001च्या जनगणनेत शहर सहा लाखांच्या आसपास पोहोचले. एकूण जागा 288च ठेवून आतल्या हद्दी मात्र 2001च्या आकड्यांवर आखायची मुभा 2003मध्ये मिळाली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाच्या नव्या आखणीत ठाणे जिल्ह्याच्या 13 जागांच्या 24 झाल्या, त्यातच भिवंडीच्या एकाच्या तीन. सभागृह वाढत नसल्याने एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची घट. रत्नागिरीच्या सातच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ यादीतून गेले. पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याकडे गेलेल्या माणसांमागे गावाची जागाही गेली, हे मला आजही लागते.

वाडा हा आदिवासींसाठी राखीव मतदारसंघही तेव्हाच संपला. त्यातला काही भाग भिवंडी ग्रामीणला जोडला गेला आणि ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. राज्यातल्या अशा जागा 22वरून 25 झाल्या. 2014मध्ये वाडा तालुका पालघर जिल्ह्यात गेल्याने आता भिवंडी ग्रामीण हा मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरला आहे.

सरकार टिकायला 145 आमदार लागतात, गणपूर्तीला 29. त्या हिशेबात भिवंडीच्या तीन जागांचे वजन मोठे नाही, पण शहराला ते कुणी मिळवून दिले हे विसरू नये. जागा मतदारयादीवर नव्हे, लोकसंख्येवर ठरतात. लूमच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा कामगार, ज्याचे मत अजून आझमगढच्या गावात आहे, तोही शिरगणतीत भिवंडीचाच मोजला जातो. आमदार निवडताना त्याला इथे बोट पुढे करता येत नाही, तरी या जागा त्याच्याही डोक्यावर उभ्या आहेत. त्याच्या वस्तीतले पाणी, गटार आणि दवाखाना हे तिन्ही आमदारांचे पहिले काम असायला हवे.