अपठित उतारा

अपठित उतारा : परीक्षार्थ्याने आधी न वाचलेला, पाठ्यपुस्तकाबाहेरचा गद्य मजकूर. येथे पाठांतर कामी येत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारती कृतिपत्रिकेत ८० पैकी ४ गुण त्यावरील आकलनकृतींना असतात. एवढ्यासाठी कोण वेळ घालवणार, म्हणून तो घाईत उरकला जातो. मात्र उपयोजित लेखनात पत्राऐवजी सारांशलेखन निवडणाऱ्याला याच उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहायचा असतो, आणि त्याला ६ गुण आहेत.

विषय अनोळखी असला की विद्यार्थी जपून वाचतो. ओळखीचा निघाला की घसरतो. मुळशी तालुक्यातील भुकूमच्या मुलीपुढे रामनदीवरचा उतारा आला असे समजू. नदी खाटपेवाडीकडे उगम पावते, भूगाव-बावधनवरून पाषाण तलावात येते आणि पुढे मुळेला मिळते, हे तिला ठाऊकच असते. उताऱ्यात मात्र एवढेच आहे : ‘पावसाळ्यात दुथडी वाहणारे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. काठावर बांधकामे वाढली आणि जुने ओढे बुजले.’ यावरून निश्चित काय म्हणता येईल, असा प्रश्न आहे. ‘ओढे बुजल्याने नदी आटते’ हा पर्याय तिला पटतो. गावात तसे बोललेही जात असेल. पण लेखकाने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, त्यांत कार्यकारण जोडलेले नाही. बहुपर्यायी परीक्षेत फसवा पर्याय बहुधा असाच, बाहेर खरा असू शकणारा पण उताऱ्यात नसलेला असतो.

म्हणून ‘मात्र’, ‘तरीही’, ‘म्हणून’ या शब्दांपाशी थांबावे. अडलेल्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा पुढच्याच वाक्यात उलगडतो. प्रश्न आधी वाचावेत, हा शिकवणीतला सल्ला चौकटी भरण्यापुरता ठीक. आशय किंवा लेखकाची भूमिका विचारली असेल तर उतारा सलगच वाचावा लागतो.

नवोदय प्रवेशपरीक्षेच्या भाषा विभागातही उतारेच असतात. राज्य लोकसेवा आयोगाने २०१३ पासून राज्यसेवा पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ ही कल चाचणी आणली. तिच्या ८० प्रश्नांत उताऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा. आता ती ३३ टक्क्यांपुरती अर्हताकारी आहे. चुकीच्या उत्तराला गुणकपात असल्याने तेथे अंदाजाने खूण करणे महागात पडते.