कंपनीचा मुक्काम बेंगळुरूला

३ मार्च १९३४ या दिवशी बेंगळुरूच्या प्रेक्षकांनी पडद्यावरच्या माणसांना पहिल्यांदा कन्नड बोलताना ऐकलं. ‘सती सुलोचना’ हा तो बोलपट. त्याचं चित्रीकरण झालं होतं कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. रावण झालेले आर. नागेंद्र राव आणि इंद्रजित झालेले सुब्बय्या नायडू हे मात्र दोघंही नाटक कंपनीत मुरलेले नट. त्याच सुमारास नाटक कंपनीचे मालक गुब्बी वीरण्णा यांनी ‘कुरुक्षेत्र’ हे नाटक उभं केलं आणि रंगमंचावर खरेखुरे हत्ती-घोडे आणले. बोलपट गात होता, बोलत होता. पण त्यातला हत्ती पहिल्या रांगेपासून चार हातांवर सोंड हलवत उभा राहत नव्हता. गिऱ्हाईक कशानं परत येतं, हे वीरण्णांना नेमकं कळत होतं.

मराठी वाचकाला गुब्बी हे नाव ओळखीचं असतंच असं नाही. वास्तविक आपल्या नाट्येतिहासाच्या पहिल्याच पानावर कर्नाटक आहे. होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी १८४२ मध्ये सांगलीला आली. त्यांचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झालं. इथवरचं शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. ही उसनवारी व्याजासकट परत गेली, हा भाग मात्र आपण सहसा सांगत नाही.

सांगलीकर आणि त्यांच्या मागोमाग इतर मराठी मंडळ्या धारवाड, हुबळी, गदगपर्यंत फिरू लागल्या. पुढे १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर जन्माने बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचेच. कन्नड मुलखात लोक रात्र रात्र जागून मराठी नाटकं बघत, हे गदगच्या सक्करी बाळाचार्यांना, म्हणजे शांतकवींना, खटकलं. त्यांनी १८७० च्या दशकात स्वतः कन्नड नाटकं लिहिली आणि मंडळी काढली. तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यातही चामराजेंद्र वडियारांच्या आश्रयाने नाटक मंडळी उभी राहिली आणि बसप्पा शास्त्रींनी कालिदासाचं ‘शाकुंतल’ कन्नडमध्ये आणलं. यामागे मराठीचा द्वेष होता असं म्हणणं सोपं आहे. पण द्वेष असता तर मराठी नाट्यपदांच्या चालींवर कन्नड पदं बांधली गेली नसती. ही चुरस होती, आणि चुरशीत माणूस समोरच्याचं सगळ्यात बारकाईनं पाहतो.

अशा दिवसांत, १८८४ मध्ये, तुमकूर जिल्ह्यातल्या गुब्बी गावात चन्नबसवेश्वराच्या नावानं एक नाटक संघ निघाला. १८९१ मध्ये जन्मलेले वीरण्णा अगदी पोरवयात त्यात दाखल झाले आणि १९१७ मध्ये कंपनीचे मालक बनले. नट म्हणून त्यांची ओळख राजा-महाराजांची नव्हती. बेळ्ळावे नरहरी शास्त्रींच्या ‘सदारमे’ नाटकातला चोर ही त्यांची हुकमी भूमिका. मालकानं चोराचं सोंग घ्यायचं आणि टाळ्याही त्यानंच न्यायच्या, ही गंमत प्रेक्षकांना वर्षानुवर्षं पुरली.

हल्ली नाट्यगृहं पुढच्या हंगामाचा कार्यक्रम आधीच जाहीर करतात. कंपनीच्या काळात हंगाम म्हणजे मुक्काम. गाव गाठायचं, पत्र्याचं थिएटर उभारायचं, पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पोशाखांच्या पेट्या उतरवायच्या. मग गाडीत वाजंत्री बसवून गावभर हँडबिलं वाटायची. पुढे खुर्च्या, मागे बाक, त्याहून स्वस्त हवं तर जमिनीवर बैठक. विंगेच्या कडेला पायपेटी. जेवणं उरकल्यावर सुरू झालेला खेळ पहाटेला टेकायचा, कारण पद आवडलं की ‘वन्स मोअर’ आणि गाणाऱ्याची त्याला कधी ना नसे. सलामीला पौराणिक, गर्दी ओसरली की विनोदी, आणि तरीही गल्ला भरेना तर बिऱ्हाड हलवायचं. आज कोणतं नाटक लावायचं, हे काल किती तिकिटं गेली त्यावर ठरे. मुक्काम फसला तर नटांच्या पगारापासून ताटातल्या भातापर्यंत सगळ्यावर गदा यायची. आपल्याकडच्या मंडळ्यांचा संसारही याहून वेगळा नव्हता.

एका बाबतीत मात्र गुब्बी कंपनी आपल्या पुढे होती. मराठीत बालगंधर्वांच्या लुगड्याच्या निऱ्यांची चर्चा घराघरात चालू असताना वीरण्णांच्या कंपनीत बायका बायकांच्या भूमिका करत होत्या. त्यांच्या पत्नी बी. जयम्मा तर कंपनीच्या नायिकाच. मराठीत ‘आंधळ्यांची शाळा’ने ही कोंडी फोडली ती १९३३ मध्ये. पुढे खुद्द बालगंधर्वांच्या कंपनीत आलेल्या गोहरबाई कर्नाटकी विजापूरकडच्या बिळगीच्या, कन्नड नाटकांत गाऊन तयार झालेल्या. त्यांच्यावर मराठी रसिकांनी जेवढा राग काढला त्याच्या निम्मंही कुतूहल दाखवलं असतं, तर गुब्बी हे नाव पुण्यात केव्हाच पोचलं असतं.

कंपनीचं दुसरं काम शाळेचं. सिंगानल्लूर पुट्टस्वामय्या या नटाचा मुलगा मुत्तुराज बापाबरोबर कंपनीत वाढला. १९५४ मध्ये ‘बेडर कण्णप्पा’ या चित्रपटातून तो डॉ. राजकुमार म्हणून पुढे आला. घरातून पळून आलेला बी. व्ही. कारंत हा मुलगाही इथलाच. त्याची चुणूक पाहून वीरण्णांनी त्याला एम.ए. करायला बनारसला पाठवलं, आणि तिथे तो ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणंही शिकला. नाटक कंपनीच्या मालकानं आपला पोऱ्या विद्यापीठात धाडावा, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासातही सहजासहजी सापडणार नाही.

त्याच कारंतांनी पुढे कंपनी नाटकाची सद्दी संपवायला हातभार लावला. बेंगळुरूत १९६३ मध्ये रवींद्र कलाक्षेत्र सुरू झालं. त्याच्या मागच्या उघड्या जागेत १९७२ मध्ये कारंतांनी ‘ईडिपस’, लंकेशांचं ‘संक्रांती’ आणि चंद्रशेखर कंबारांचं ‘जोकुमारस्वामी’ बसवलं. रंगवलेले पडदे गेले, हत्ती गेले. गाणं मात्र राहिलं, कारण कारंतांच्या कानात कंपनीची पेटी होती. याच वर्षी वीरण्णा वारले. व्यावसायिक बाजू एकट्याच्या हिमतीवर पुढे रेटली ती मास्टर हिरण्णय्यांनी. लाचखोरीवरच्या ‘लंचावतार’चे त्यांनी हजारो प्रयोग केले, आणि समोर मंत्री बसला असेल तर त्याला चार शब्द जास्तच ऐकवले.

पुढच्या पिढीचं नाट्यगृह पुन्हा मराठी वळणानं आलं. कर्की ज्या होन्नावर तालुक्यात आहे तिथलेच शंकर नाग. ‘मालगुडी डेज’मुळे देशाला ठाऊक झाले, पण त्याआधी मुंबईत मराठी नाटकांतून घडले. तिथेच त्यांची आणि मराठी, गुजराती, हिंदी रंगमंचावर काम करणाऱ्या अरुंधतींची गाठ पडली. ३० सप्टेंबर १९९० रोजी शंकर अपघातात गेले. अरुंधती नाग यांनी १९९२ मध्ये विश्वस्त संस्था स्थापली, दारोदार फिरून पैसे उभे केले आणि २००४ मध्ये जे. पी. नगरात ‘रंग शंकरा’ उघडलं. आसनं तीनशेहून थोडी अधिक, भाडं हौशी संस्थांना झेपेल असं, सोमवार वगळता रोज नाटक. उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. पहाटेपर्यंत ‘वन्स मोअर’ झेलणाऱ्या कंपनीवाल्यांना हा नियम निव्वळ वेडेपणा वाटला असता.

तरीही कंपनी नाटक मेलं म्हणणाऱ्यांनी पौष पौर्णिमेच्या जत्रेला बदामीजवळच्या बनशंकरीला जावं. तिथे आजही अनेक नाटक कंपन्या शेजारी शेजारी पत्र्याची थिएटरं ठोकून मुक्काम टाकतात आणि एकेका दिवसात अनेक खेळ करतात. नावं चावट, विनोद दुहेरी अर्थाचे, लाउडस्पीकर एकमेकांवर कुरघोडी करणारे. बेंगळुरूचे जाणकार नाकं मुरडतात. जत्रेतल्या या काही आठवड्यांच्या गल्ल्यावर कंपन्यांची वर्षाची मदार असते, म्हणून मालक जाणकारांपेक्षा शेजारच्या तंबूसमोरची रांग मोजत असतात.