बिनछपराचं लिव्हडेन आणि चार पवनचक्क्या

आजचा किस्सा इंग्लंडमधल्या नॉर्थअँप्टनशरचा. कॅथलिक राहिला म्हणून कित्येक वर्षं कैदेत काढलेल्या सर थॉमस ट्रेशमने लिव्हडेनला क्रुसाच्या आकाराची वास्तू बांधायला घेतली. १६०५ मध्ये तो वारला, काम थांबलं. छप्पर आजतागायत नाही!

तिथून जवळच १२६.५ मीटर उंच अशा चार पवनचक्क्यांचा प्रस्ताव आला. स्थानिक कौन्सिलने नाकारला, पण सरकारी निरीक्षकाने २०१२ मध्ये मंजूर केला. चक्क्या नव्या आहेत हे बघणाऱ्याला कळेलच की, हा त्याचा एक मुद्दा. २०१४ मध्ये अपील कोर्टाने ती मंजुरी रद्दच ठेवली. वारशाच्या परिसराला कायद्याने जादा वजन दिलंय, ते निरीक्षकाने धरलंच नव्हतं.

पवनऊर्जा मलाही हवीच आहे हो. पण 'हरकती व सूचना' मागवल्या, तर त्या नुसत्या मोजून कसं चालेल? तोलायला नकोत?